आयव्हीएफच्या आधी नळीचं ऑपरेशन: पात्रता आणि कागदपत्रं

एचएसजीच्या (गर्भाशयात आणि गर्भनलिकेत औषध सोडून काढलेल्या एक्स-रेच्या) रिपोर्टवर ‘हायड्रोसाल्पिंक्स’ म्हणजे गर्भनलिकेत, नळीत, पाणी झाल्याचं आलं असेल, तर आयव्हीएफच्या (टेस्ट ट्यूब बेबी उपचाराच्या) पॅकेजवर सही करायची घाई नको. फिल्म उजेडाकडे धरा: नळी टोकाला फुगलेली दिसते आणि औषध पोटात सांडलेलंच नसतं. हेच पाणी उलटं गर्भाशयात उतरतं आणि आयव्हीएफ यशस्वी व्हायची शक्यता जवळपास निम्म्यावर येते. म्हणून आधी दुर्बिणीतून नळी काढतात किंवा गर्भाशयापाशी बंद करतात. नळी नुसतीच बंद असेल, पाणी नसेल, तर हे ऑपरेशन सहसा लागत नाही.

आपल्याकडे अशा नळीमागे बऱ्याचदा टीबी निघतो, तेव्हा ती तपासणी टाळू नका. टीबी ठरलाच तर आधी साधारण सहा महिन्यांचा कोर्स. सरकारी दवाखान्यात औषधं मोफत मिळतात. निक्षय या सरकारी टीबी पोर्टलवरच्या नोंदणीसाठी आधार आणि बँक पासबुक द्या, पोषणाचे दरमहा १,००० रुपये खात्यात येतात.

ऑपरेशनला जाताना एचएसजीची मूळ फिल्म (नुसता रिपोर्ट नव्हे), सोनोग्राफी, एएमएच (अंडाशयातल्या बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी), रक्ताचे बाकीचे रिपोर्ट आणि ओळखपत्र घ्या. संमतीपत्रात एक नळी की दोन्ही, हे वाचूनच सही करा. दोन्ही काढल्या की नैसर्गिकरीत्या दिवस राहत नाहीत. पाळी मात्र येत राहते. डिस्चार्ज कार्ड आणि काढलेल्या नळीचा बायोप्सी रिपोर्ट मागून घ्या, आयव्हीएफवाले तो हमखास विचारतात.

खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात रेशनकार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) गाठा, तुमचं ऑपरेशन यादीत आहे का ते तिथेच कळेल. खासगी विम्यात वंध्यत्वाचे उपचार बहुधा वगळलेले असतात. डॉक्टरांचं निदानाचं पत्र जोडून मंजुरी आधीच लेखी मागा.

मग आयव्हीएफ. २०२१ च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्यानुसार स्त्रीचं वय २१ ते ५०, पुरुषाचं २१ ते ५५ हवं. केंद्राची नोंदणी आणि लेव्हल २ परवाना पाहा. लेव्हल १ मध्ये फक्त आययूआय (वीर्य थेट गर्भाशयात सोडणं) होतं. दोघांची लेखी संमती लागते. शिवाय आधार, वयाचा दाखला, फोटो, विवाह प्रमाणपत्र मागतात. आधारवर माहेरचं नाव आणि फाइलवर सासरचं असेल, तर दोन्ही नावं जोडणारा विवाह दाखला किंवा राजपत्राची प्रत पहिल्याच भेटीत द्या.