मेटा डिस्क्रिप्शन

मेटा डिस्क्रिप्शन म्हणजे वेबपेजच्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे पेज ज्या कोडने बनतं त्यात, हेड टॅग नावाच्या सुरुवातीच्या भागात लिहून ठेवलेलं एकदोन वाक्यांचं वर्णन. पेज उघडणाऱ्याला ते कुठेच दिसत नाही, दिसतं ते गुगल किंवा बिंगवर सर्च केल्यावर, टायटलखाली ज्या दोन बारीक ओळी येतात ना, तिथे. त्या ओळींना स्निपेट म्हणतात. डिस्क्रिप्शन हा स्निपेटसाठी आपण पुरवलेला कच्चा माल, तो वापरायचा की नाही ते सर्च इंजिन ठरवतं.

आधी एक गैरसमज काढून टाकू, याने रँकिंग, म्हणजे सर्चच्या यादीतलं पेजचं स्थान, वाढत नाही. १९९० च्या दशकात अल्टाव्हिस्टा, इन्फोसीक वगैरे सर्च इंजिनं मेटा टॅग (पेजबद्दलची माहिती देणाऱ्या कोडमधल्या अशा ओळी) वाचायची, मग लोकांनी त्यात वाट्टेल ते कीवर्ड, म्हणजे लोक सर्चमध्ये टाकतात ते शब्द, कोंबले आणि त्या टॅगवरचा भरवसाच उडाला. २००९ मध्ये गुगलने स्पष्ट सांगून टाकलं की कीवर्डचा मेटा टॅग आम्ही रँकिंगसाठी बघत नाही, डिस्क्रिप्शनही रँकिंगमध्ये धरत नाही, स्निपेटसाठी मात्र कधीकधी वापरतो. तरी कीवर्ड ठासून भरलेली डिस्क्रिप्शनं आजही सापडतात, जित्याची खोड म्हणायची.

मग लिहायचं कशाला, तर क्लिकसाठी. समजा सायकलचं पंक्चर काढण्यावर एक पेज आहे आणि डिस्क्रिप्शनमध्ये लिहिलंय ‘आमच्या वेबसाइटवर आपले सहर्ष स्वागत आहे, येथे आपणास सर्व माहिती मिळेल’. यातून कुणाला काय कळणार? त्याऐवजी ‘सायकलचं पंक्चर स्वतः काढा: ट्यूब बाहेर कशी काढायची, पाण्यात बुडवून भोक कसं शोधायचं, पॅच कसा बसवायचा, फोटोंसह’ असं असेल तर शोधणाऱ्याला लगेच कळतं की आपलं काम इथे होणार. शिवाय सर्चमध्ये टाकलेले शब्द स्निपेटमध्ये असले तर ते बऱ्याचदा ठळक होतात आणि नजर तिकडे जाते. पण पेजवर फोटोच नसतील तर तसं लिहू नये, माणूस येतो आणि आल्या पावली परत जातो.

लांबीचा पक्का नियम नाही. जागा अक्षरं मोजून नाही तर स्क्रीनच्या रुंदीवर ठरते, म्हणून नुसत्या अंदाजाने १५५-१६० कॅरेक्टर (अक्षरं, चिन्हं, मोकळ्या जागा सगळं धरून) धरतात, मोबाइलवर त्याहून कमी, आणि महत्त्वाचं ते सुरुवातीलाच. डिसेंबर २०१७ मध्ये गुगलने स्निपेट ३०० कॅरेक्टरच्या पुढे लांबवले होते, लोकांनी धडाधड डिस्क्रिप्शनं वाढवून घेतली आणि मे २०१८ पर्यंत ते पुन्हा आखूड झाले, सगळी मेहनत पाण्यात. देवनागरीत अजून एक गंमत आहे, ‘क्षि’ आपल्याला एक अक्षर वाटतं पण कॉम्प्युटर त्याचे क, हलन्त, ष आणि वेलांटी असे चार कॅरेक्टर मोजतो, त्यामुळे डिस्क्रिप्शन लिहायच्या प्लगइनचा (वेबसाइटला जोडायच्या छोट्या प्रोग्रामचा) कॅरेक्टर मोजणारा काउंटर लाल झाला तरी स्क्रीनवर वाक्य व्यवस्थित मावलेलं असू शकतं.

एवढं करूनही गुगल बऱ्याचदा आपलं वाक्य बाजूला ठेवून पेजमधलीच एखादी ओळ उचलतं. म्हणजे त्याच पेजवर कुणी ‘पॅच किती वेळ दाबून ठेवायचा’ असं शोधत आलं तर त्याला मजकुरातली ती ओळ दाखवणं जास्त बरोबरच आहे, यात रागवण्यासारखं काही नाही. स्निपेट नकोच असेल तर पेजच्या कोडमध्ये टाकायची नोस्निपेट ही सूचना आहे, २०१९ पासून मॅक्स-स्निपेट या सूचनेने लांबीही बांधून देता येते.

प्रत्येक पेजचं डिस्क्रिप्शन वेगळं असावं. वेबसाइट बनवायच्या वर्डप्रेसमध्ये मुळात डिस्क्रिप्शन लिहायची सोय नसते, योस्ट किंवा रँक मॅथसारखा प्लगइन टाकावा लागतो. हाताने कोड लिहिणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे वाक्यात डबल कोट टाकणं, कोडमध्ये अख्खं डिस्क्रिप्शनच सहसा डबल कोटांत असतं, त्यामुळे ब्राउझरला वाटतं मजकूर तिथेच संपला आणि पुढचं सगळं गळून पडतं. हे पेजवर दिसत नाही, त्यामुळे महिनोन्महिने कुणाच्या लक्षातही येत नाही.