पणजोबांचं रिव्हॉल्वर घासायच्या आधी हे वाचा

आजोबा गेले आणि कपाटातलं पणजोबांचं रिव्हॉल्वर बाहेर निघालं. लायसन्स त्यांच्या नावावर, म्हणजे ते गेल्यावर घरात कुणीच ठेवू शकत नाही, म्हणून काकांनी पोलीस स्टेशनला कळवलं आणि दोनच दिवसांत ते लायसन्सवाल्या आर्म्स डीलरकडे जमा केलं. पण त्या दोन दिवसांत माझ्या चुलतभावाने, अगदी चांगल्या मनाने, वस्तू स्वच्छ दिसावी म्हणून पॉलिश पेपर घेतला आणि नळीची एक बाजू स्टीलच्या ताटासारखी चकचकीत करून टाकली. डीलरने ते खिडकीच्या उजेडात धरलं आणि म्हणाला, "अहो, हे कशाला घासलं? मळ नव्हता तो."

खरंच मळ नव्हता. जुन्या बंदुकीचा तो काळा-निळा रंग म्हणजे लोखंडाचाच एक ऑक्साइड, मॅग्नेटाइट, कारखान्यात मुद्दाम चढवलेला, एका अर्थी आवरून धरलेला गंज. लाल गंज फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि आतलं लोखंड परत उघडं पडतं, पण मॅग्नेटाइट धातूला चिकटून बसतं आणि तेल धरून ठेवतं. शंभर वर्षांत हा थर जिथे चामड्याचं होल्स्टर घासतं तिथे, म्हणजे नळीच्या टोकाला आणि कडांवर विरतो, हाताच्या घामाने मुठीजवळ तपकिरी होतो आणि खाचाखोचांत तसाच निळा राहतो. ही झीज खोटी करणं फार अवघड, म्हणून जाणकार माणूस वर्षाचा आकडा बघायच्या आधी ही झीज बघतो. नंतर कुणी पॉलिश करून नवा रंग चढवला असेल तर तेही कळतं, अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखा खोलगटपणा येतो.

आमचं निघालं वेबली कंपनीचं, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचं. फ्रेमवर कंपनीचं नाव, मार्क सिक्स हे मॉडेल, पेटंट्स आणि खाली 1917. वर्ष असं सरळ लिहिलेलं असलं तर सोपं, पण नसलं तरी नावावरून काळ काढता येतो. 'पी. वेबली अँड सन' असेल तर 1897 च्या आधीचं, कारण त्या वर्षी स्कॉट आणि एलिस या कंपन्या त्यात मिळाल्या आणि लांबलचक नवं नाव आलं, मग 1906 पासून नुसतं 'वेबली अँड स्कॉट लिमिटेड'. लष्करी मॉडेलमध्ये मार्क वन 1887 चं, मार्क फोर 1899 चं, मार्क सिक्स 1915 चं. मार्क सिक्सची मूठ खाली चौकोनी असते, आधीच्यांची पक्ष्याच्या चोचीसारखी वळलेली.

मुठीच्या पट्ट्या व्हल्कनाइटच्या, म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेलं रबर. मूळचा रंग काळा, पण उजेडाने वरच्या थरातलं गंधक हवेशी मिळतं आणि पट्टी तपकिरी-हिरवट पडते. आमच्यात एक बाजू काळीभोर आणि दुसरी चहासारखी, म्हणजे वर्षानुवर्षं ते एकाच कुशीवर पडून होतं. डीलरने ती पट्टी अंगठ्याने जोरात चोळली आणि माझ्या नाकापाशी धरली, गंधकाचा हलका वास आला. प्लॅस्टिकची नकली पट्टी असती तर तो आला नसता.

मग भिंग लावून शिक्के. बाणाच्या खाली इंग्रजी आय असेल तर माल हिंदुस्थान सरकारचा, आणि टोकाला टोक भिडलेले दोन बाण म्हणजे सरकारने रीतसर विकलेला. आमच्यावर हे दोन बाण सापडले तेव्हा काकांना फार बरं वाटलं. नळीवर आणि सिलिंडरवर प्रूफ हाउसचे, म्हणजे बंदुका तपासणाऱ्या संस्थेचे शिक्के असतात, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढला आणि धातू टिकला याची खूण. बर्मिंगहॅमच्या शिक्क्यात मुकुटाखाली एनपी असेल तर ती चाचणी 1904 ते 1954 मधली, बीएनपी असेल तर 1954 नंतरची. शिक्के उलटसुलट, स्पेलिंग चुकलेलं, एन अक्षर उलटं असेल तर पेशावरजवळच्या दर्रा आदमखेलची हातबनावटीची नक्कल असायची शक्यता मोठी.

अमेरिकेत वेबलीच्या मूळ .455 च्या गोळ्या मिळेनात म्हणून कित्येक वेबलींचे सिलिंडर मागून तासून .45 एसीपी ही तिथली पिस्तुलाची गोळी बसेल असे केले गेले. एसीपीचा दाब मूळ गोळीच्या दीडपटीहून जास्त, म्हणजे धोका वाढला आणि किंमत पडली. आणि कृपा करून "चालतंय का बघू" म्हणून बार काढू नका, जुन्या गोळ्यांच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी असते, तिच्यातल्या क्लोरेटचं मीठ नळीत राहतं, पावसाळ्यात ओल ओढतं आणि आतून खड्डे पाडतं, बाहेरून काही दिसत नाही.

किंमत कशी ठरते? मॉडेल, मूळ रंग किती टक्के शिल्लक, सगळे भाग एकाच नंबराचे आहेत का, आणि सगळ्यात वर कागदपत्रं. चित्रकार व्हॅन गॉगने स्वतःवर झाडल्याचं मानलं जाणारं लेफोशे बनावटीचं रिव्हॉल्वर 2019 मध्ये पॅरिसला लिलावात 1,62,500 युरोंना गेलं आणि ते गंजून अक्षरशः सांगाडा झालेलं होतं, शेतात सापडलेलं. पैसे त्या गोष्टीचे होते.

कायद्याचंही सांगतो, कारण इथे गैरसमज फार. अमेरिकेत 1898 पर्यंतचं बनलेलं ते अँटिक अशी सरळ रेघ आहे, आपल्याकडे 1959 च्या आर्म्स ॲक्टमध्ये अशी वर्षाची रेघ नाही. दुरुस्ती करूनही कधीच चालणार नाही असं जुनं हत्यार सुटतं, बाकी सगळ्याला लायसन्स. वारसाला अर्ज करता येतो, पण 2019 पासून एका माणसाकडे दोनच हत्यारं, वारशाची धरून. विकायचं तर लायसन्सवाल्यालाच.

काकांनी अर्ज केलाय. परवा आजीच्या ट्रंकेत साड्यांच्या खाली जुनं लायसन्सचं पुस्तक सापडलं, पानं पिवळी, शाई फिकट, पण त्यातला नंबर आणि फ्रेमवरचा नंबर तोच. भाऊ लगेच लॅमिनेशन करून आणतो म्हणाला, मी पुस्तक त्याच्या हातातून काढून घेतलं आणि कोऱ्या कागदात गुंडाळून परत ट्रंकेत ठेवलं.