फिक्स्ड लेआउट आणि रिफ्लोएबल: छापील मांडणी नक्की कशात टिकते?

‘ई-पुस्तकात छापील पुस्तकाची मांडणी जशीच्या तशी हवी ना? मग फिक्स्ड लेआउट करा.’ हा सल्ला सरसकट देणं आता थांबायला हवं. त्यापायी चांगल्या कादंबऱ्या फोनवर वाचण्यालायक राहत नाहीत.

फिक्स्ड लेआउट समजावून सांगायची गरज नाही; पीडीएफ वापरणाऱ्याला तो कळतोच. पान ठरलेलं, अक्षराची जागा ठरलेली. चित्रकथा, कॉमिक्स, मुलांची सचित्र पुस्तकं यांत मजकूर चित्रावर बसवलेला असतो. तिथे हाच हवा.

घोळ होतो तो रिफ्लोएबल, म्हणजे स्क्रीनप्रमाणे मजकूर वाहता ठेवणाऱ्या ईपबबद्दल (ईपब हा ई-पुस्तकांच्या फाइलचा एक प्रकार). त्यात ओळ कुठे तुटेल हे स्क्रीनच्या रुंदीवर आणि वाचकाने निवडलेल्या अक्षराच्या आकारावर ठरतं. ओळी हलल्या की लोकांना वाटतं, मांडणी गेली. पण गद्याच्या मांडणीत जपायची असतात ती प्रमाणं: अक्षराच्या मानाने ओळींमधलं अंतर किती, परिच्छेदाची पहिली ओळ किती आत, शीर्षकाखाली किती मोकळी जागा. फिक्स्ड लेआउटमध्ये साडेपाच इंच रुंद पान पावणेतीन इंच रुंद स्क्रीनवर बसवलं, तर ११ पॉइंटचं अक्षर ५.५ पॉइंटचं होतं. प्रमाणं शाबूत, पण वाचणार कोण? झूम केलं की निम्मी ओळ स्क्रीनबाहेर.

रिफ्लोएबलमध्ये हीच प्रमाणं सीएसएसमध्ये, म्हणजे मजकूर कसा दिसावा हे सांगणाऱ्या सूचनांच्या भाषेत, ‘एम’ या एककात लिहितात. एम म्हणजे चालू अक्षराचा आकार. वाचकाने अक्षर मोठं केलं की समासही त्याच मानाने वाढतो. ओळींचं अंतर तर एककाशिवाय, नुसतं १.६ असं द्यावं. ते पिक्सेलमध्ये बांधून टाकलं की देवनागरीचे हाल होतात: अक्षर वाढवताच वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो.

खरी कसोटी कवितेची. अरुंद स्क्रीनवर लांब ओळ तुटणारच. तुटलेला भाग डाव्या कडेलाच आला, तर ओळ कवीने मोडली की स्क्रीनने, हे वाचकाला कळत नाही. उपाय सीएसएसच्या दोन ओळींचा आहे: डावीकडे २ एम जागा सोडायची आणि पहिली ओळ उणे २ एमने मागे ओढायची. तुटलेला भाग आपोआप आत सरकतो, कवीची ओळ कडेला राहते. एवढंही न करता कवितासंग्रह विकायला ठेवणं मला अक्षम्य वाटतं.

फॉन्ट ईपबमध्ये घालता येतो, मात्र छपाईसाठी घेतलेला परवाना त्याला पुरेलच असं नाही; आधी तपासा. मजकुराला काळा रंग सक्तीने देऊ नका, रात्रीच्या काळ्या पार्श्वभूमीवर तो दिसेनासा होऊ शकतो.

आणि संदर्भ देताना पृष्ठक्रमांक लागतात म्हणून फिक्स्ड लेआउट हवा, हेही कारण पटत नाही. ईपब ३ मध्ये छापील आवृत्तीच्या पृष्ठांची यादी देण्याची सोय आहे. मजकुरात जिथे छापील पान ४७ सुरू होतं तिथे खूण करून ठेवली की, ती यादी दाखवणाऱ्या कुठल्याही ॲपमध्ये वाचक थेट तिथे पोहोचतो, अक्षर कितीही मोठं असो.