पंजाब-हरियाणातलं मृदा सर्वेक्षण आणि मातीचे नकाशे

मृदा सर्वेक्षण म्हणजे एखाद्या भागातली माती दीड-दोन मीटर खोलपर्यंत बघायची, तिचे प्रकार ठरवायचे आणि कुठला प्रकार कुठे सुरू होतो, कुठे संपतो ते नकाशावर आखायचं. माती परीक्षणाशी याची गल्लत फार होते. परीक्षणात वरची १५ सेंटीमीटर माती घेऊन तिच्यात नत्र, स्फुरद, पालाश, जस्त किती ते बघतात, आणि मृदा आरोग्य पत्रिकेवर (ही योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये राजस्थानात सुरतगढला सुरू झाली) जे १२ घटक छापून येतात ते याच थरातले. पण खाली मीटरभरावर चुनखडीचा कडक थर आहे का, पाणी मुरतं की तुंबतं, हे त्या पत्रिकेतून कळत नाही, त्यासाठी खड्डा खणावाच लागतो.

पंजाब आणि हरियाणा हा जवळजवळ सगळा गाळाचा सपाट प्रदेश, आणि सपाट आहे म्हणून काम सोपं असेल असं वाटतं पण होतं बरोबर उलटं. आपल्याकडे दख्खनवर टेकडीच्या माथ्यावर मुरमाड, उतारावर मध्यम आणि ओढ्याकाठी काळी भारी जमीन, म्हणजे चढ-उतार बघूनच निम्मा अंदाज येतो. तिथे चढ-उतारच नाही. एक-दोन फुटांच्या फरकाने जमीन पार बदलते, कारण ती जागा कधीतरी नदीचं जुनं पात्र होती किंवा पाणी साचणारा खोलगट भाग होता किंवा वाऱ्याने आणलेल्या वाळूचा टिब्बा होता. स्थानिक लोकांना हे सर्वेक्षण करणाऱ्यांच्या आधीपासून माहीत होतंच. नदीकाठचा पुराचा पट्टा तो बेट किंवा खादर, पूर न पोचणारी जुनी उंच जमीन ती भांगर, शिवालिकच्या पायथ्याचा दगडगोट्यांचा भाग कंडी, आणि डोंगरातून पावसाळ्यात धडाक्याने वाळू घेऊन येणारे ओढे ते चो. हरियाणात चिकण जमिनीला डाकर, पोयट्याला रौसली, वाळूला भूड म्हणतात. ही नावं घेऊन बसलात तर ढोबळ नकाशा अर्धा तयारच होतो, खरं सांगायचं तर.

इंग्रजांच्या काळात जमीन महसुलाच्या बंदोबस्तात जमिनीची प्रतवारी झाली पण तिचा मुख्य पाया पाणी होता: विहिरीवरची चाही, कालव्यावरची नहरी, पुराच्या ओलीवरची सैलाब, पावसावरची बारानी. सारा ठरवायला तेवढं पुरत होतं. देशाच्या पातळीवर १८९८ मध्ये कृषी रसायनशास्त्रज्ञ लेदर यांनी गाळाची, काळी, तांबडी आणि जांभा अशी चार भागांची वाटणी केली, त्यात सगळा पंजाब एकाच ‘गाळाची’ या खान्यात गेला. शाळेच्या भूगोलात आजही तेच रंग भरतात!

स्वातंत्र्यानंतर १९५० च्या दशकात अखिल भारतीय पातळीवर मृदा सर्वेक्षणाची यंत्रणा उभी राहिली, आणि १९७६ मध्ये राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो झाला. त्याचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे, म्हणजे पंजाबच्या मातीचं वर्गीकरण करणाऱ्या संस्थेचा पत्ता विदर्भातला, हे इथल्या बऱ्याच लोकांना माहीत नसतं. ब्यूरोने राज्याराज्यांचे १:२,५०,००० प्रमाणाचे मृदा नकाशे केले, त्यासाठी साधारण १० किलोमीटरच्या चौकटीवर ठिकाणं धरून माती बघितली. या प्रमाणात नकाशावरचा एक चौरस सेंटिमीटर म्हणजे ६२५ हेक्टर, तेव्हा त्यावर आपलं शेत शोधायला जाऊ नये. त्या रंगाच्या ठिपक्यात दोन-तीन प्रकारच्या मात्या एकत्र दाखवलेल्या असतात. १:१०,००० च्या नकाशात मात्र एक चौरस सेंटिमीटर म्हणजे एक हेक्टर, आणि गावपातळीवर उपयोगी पडतो तो हाच.

प्रत्यक्ष कामाची सुरुवात ऑफिसातच होते. आधी टोपोशीट (उंच-सखलपणा दाखवणारा सरकारी नकाशा) आणि उपग्रहाची चित्रं घेऊन जुनी पात्रं, टिब्बे, खोलगट भाग कच्चे आखून घेतात. मग पटवाऱ्याकडचा गावनकाशा घ्यायचा. शेतं किल्ला-मुरब्ब्यात (किल्ला म्हणजे एक एकर, २५ किल्ल्यांचा एक मुरब्बा) चौकोनी आखलेली असतात पण मातीची हद्द त्या बांधाला अजिबात जुमानत नाही, एकाच मुरब्ब्याच्या एका कोपऱ्यात वाळू आणि दुसऱ्यात चिकण माती निघू शकते. शेतात ऑगरने (माती काढायच्या गिरमिटाने) ठिकठिकाणी भोक पाडून बघत जायचं आणि जिथे माती बदलली असं वाटतं तिथे दोन्ही बाजूंनी जवळ जवळ भोकं घेत हद्द पकडायची, आणि प्रत्येक प्रकारासाठी एक चांगला खड्डा खणायचा. खड्ड्याची उन्हाकडची भिंत सुरीने खरवडून साफ करतात. मग थर वेगळे करायचे, ओलसर माती बोटांत चोळून पोत ठरवायचा, मन्सेलच्या रंगपुस्तिकेशी रंग जुळवायचा आणि पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकून फेस येतो का बघायचं, आला की चुना आहे. नमुने खालच्या थरापासून वर घेत येतात, नाहीतर वरची माती खाली सांडून सगळी सरमिसळ होते.

सारख्या खड्ड्यांची मिळून एक ‘शृंखला’ होते, आणि तिला जिथे ती पहिल्यांदा नीट वर्णन केली त्या गावाचं नाव मिळतं. पंजाबात फतेहपूर ही वाळूची शृंखला, संगरूरकडे घाबदान ही चोपण (म्हणजे सोडियम जास्त झालेली), आणि हरियाणात कर्नालजवळची झरीफा वीरान. ही शेवटची भारतातल्या चोपण जमिनीचं ठरलेलं उदाहरण आहे. ‘वीरान’ म्हणजे ओसाड हे वेगळं सांगायला नको.

या भागात मातीच्या नकाशाची खरी गरज क्षारांमुळे पडली. कालवे आले, जमिनीखालचं पाणी वर आलं, तिथे सेम म्हणजे पाणथळ आणि थूर म्हणजे पांढरा क्षार. त्याशिवाय जुनी कल्लर जमीन होतीच, जिचा सामू (पीएच) १० च्या वर जातो आणि जिच्यात पाऊस पडला तरी पाणी मुरत नाही, नुसतं डबकं होतं. खारवट आणि चोपण हा फरक नकाशात दिसलाच पाहिजे कारण उपाय वेगळे आहेत, खारवटला क्षार धुवायला पाणी आणि निचरा लागतो, तर चोपणला आधी जिप्सम, साधारण हेक्टरी १० ते १५ टन. देशातल्या क्षारयुक्त जमिनीचा जो आकडा सगळीकडे देतात तो सुमारे ६७ लाख हेक्टर, त्यात हरियाणाच्या वाट्याला साधारण २.३ लाख आणि पंजाबच्या १.५ लाख, आणि पंजाबची सगळीच चोपण धरलेली आहे. उपग्रहचित्रावरून हे ओळखताना एक गोची होते. जानेवारीत गहू उभा असतो तेव्हा क्षार झाकला जातो, आणि उन्हाळ्यात तो चमकतो पण वाळूचा टिब्बाही तसाच चमकतो, त्यामुळे शेवटी माणूस पाठवावाच लागतो.

आणि मग नकाशा जुना होतो, तेही आपण समजतो त्यापेक्षा फार लवकर. मृदाशास्त्रात माती बनायला हजारो वर्षं लागतात असं शिकवतात, पण इथल्या शेतकऱ्याने ट्रॅक्टर आणि लेझर लेव्हलर लावून टिब्बे सपाट केले, म्हणजे वाळूची हद्दच पुसली. १९६९ मध्ये सुरू झालेल्या कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने जिप्सम आणि भात हा मार्ग दाखवला. सीएसआर-१० सारखे क्षार सोसणारे भाताचे वाण आले, सीएसआर-३० तर बासमती आहे. जुन्या नकाशात जी जमीन ओसाड चोपण म्हणून रंगवली होती तिच्यापैकी बऱ्याच ठिकाणी आज भात-गहू उभा असतो. खड्डा खणला तर वरचा फूटभर सुधारलेला आणि खाली सामू अजून चढाच, म्हणजे शृंखला तीच ठेवायची की बदलायची हा वाद राहतोच. वर्षानुवर्षं भातासाठी चिखलणी करून नांगराच्या तळाखाली एक घट्ट थर तयार झालाय तो वेगळाच, तो साठ-सत्तर सालच्या वर्णनात कुठून असणार?