पोट छोटं केलं म्हणून वजन उतरत नाही

वजन कमी करायच्या ऑपरेशनचा विषय निघाला की हमखास ऐकू येतं, "पोट छोटं केलं की जेवण कमी जातं, त्यात काय एवढं! तोंडावर ताबा ठेवला असता तर ही वेळ आली नसती." कितीतरी वर्षं डॉक्टरांनाही पहिलं वाक्य खरं वाटत होतं. त्याच्याच आधाराने दुसरं वाक्य जाड माणसाच्या तोंडावर फेकलं जातं, म्हणून हे नीट समजून घ्यायला हवं.

१९६०च्या दशकात अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात सर्जन एडवर्ड मेसन यांनी गॅस्ट्रिक बायपास ही वजन उतरवायची शस्त्रक्रिया सुरू केली. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेले रुग्ण पुढे बारीकच राहतात, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. १९९५ मध्ये सर्जन वॉल्टर पोरीज यांनी बायपास केलेल्या आपल्या रुग्णांचे निकाल मांडले, आणि त्यात वेगळंच कोडं होतं. टाइप २ मधुमेह्यांची साखर वजन फारसं उतरण्याआधीच, काही दिवसांत आटोक्यात येत होती. उपाशी पोटीही साखर उतरते, हे खरं. पण पुढे वर्षानुवर्षं टिकणारा फरक त्याने उलगडत नाही.

बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाची जेमतेम ३० मिलीलीटरची पिशवी करून ती थेट लहान आतड्याला, पण बरंच पुढे, जोडतात. अन्न लवकर खालच्या आतड्यात पोचतं. तिथल्या एल-पेशी जीएलपी-१ हे संप्रेरक सोडतात. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं आणि मेंदूला पोट भरल्याचं कळवतं. एरवी ते रक्तात दोनेक मिनिटंच टिकतं. बायपासनंतर मात्र प्रत्येक जेवणानंतर त्याची पातळी कित्येक पटींनी वाढते.

स्लीव्ह या दुसऱ्या ऑपरेशनमध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात, आतड्याची वाट तीच राहते. इथे तरी आकाराचाच खेळ असेल? २०१४ मध्ये 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात आलेला उंदरांवरचा प्रयोग मला फार आवडतो. ऑपरेशननंतर रक्तात पित्ताम्लं, म्हणजे पित्तातली आम्लं, वाढतात. ती ओळखणारा एफएक्सआर नावाचा रिसेप्टर पेशींमध्ये असतो. ज्या उंदरांमध्ये त्याचा जनुकच नव्हता, त्यांचंही जठर तसंच कापलं. सुरुवातीला वजन उतरलं, मग पुन्हा चढलं. नॉर्मल उंदरांचं मात्र उतरलेलंच राहिलं. जठर दोघांचंही तेवढंच छोटं, फरक फक्त त्या रिसेप्टरचा!

गॅस्ट्रिक बँड मागे पडला, त्यातही हेच दिसतं. हा जठराभोवती बसवायचा पट्टा त्याला नुसता आवळतो, संप्रेरकं फारशी बदलत नाही. अनेकांना तो काढून घ्यावा लागला. आज जगात सर्वाधिक होते ती स्लीव्ह.

क्लीव्हलँड क्लिनिकच्या चाचणीत १५० मधुमेही रुग्ण होते. पाच वर्षांनी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) ६ टक्के किंवा त्याखाली आलेले बायपासच्या गटात २९ टक्के, स्लीव्हमध्ये २३ आणि नुसत्या औषधोपचारावर ५ टक्के. म्हणजे फायदा मोठा, पण सगळ्यांना सारखा नाही. 'मधुमेह कायमचा बरा' अशा जाहिराती करणारी केंद्रं आणि पंधरा दिवसांत पोटाचा घेर उतरवणारे काढे, दोन्हींपासून दूर राहा.

आता जीएलपी-१ची नक्कल करणारी इंजेक्शनं भारतातही मिळतात. त्यांतलं सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात, उतरलेल्या वजनापैकी सरासरी दोन-तृतीयांश परत आलं, असं एका मोठ्या चाचणीत दिसलं. ऑपरेशनने झालेला बदल शरीरातच राहतो. पण त्याचीही किंमत आहे. स्लीव्हनंतर काहींना ॲसिडिटी बळावते, आणि बी-१२, लोह, कॅल्शियम जन्मभर घ्यावं लागतं.

आशियाई लोकांसाठी २०२२च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी ऑपरेशनची मर्यादा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) २७.५ पर्यंत खाली आणली, कारण आपल्याकडे कमी वजनातही पोटावर चरबी साठते आणि मधुमेह लवकर गाठतो. त्यामुळे हा सल्ला आता अनेक मराठी घरांतही मिळेल. शाकाहारी असाल, तर आधी बी-१२ तपासून घ्या. आपल्याकडे ते बऱ्याच जणांचं ऑपरेशनच्या आधीच कमी असतं.