1 टक्क्याची अट: सोडियम लॉरिल सल्फेटमागची पार्श्वभूमी

कोल्हापुरात महाद्वार रोडवर रिठा-शिकेकाई मागणाऱ्या गिऱ्हाइकाला हल्ली 'सल्फेट-फ्री' असे ठळक छापलेली बाटलीही दाखवली जाते. रिठ्याचा फेसही सर्फॅक्टंटचाच, म्हणजे तेल-मळ पाण्यात सोडवणाऱ्या द्रव्याचाच असतो; सोडियम लॉरिल सल्फेट मात्र कारखान्यातले असून ते खाऱ्या पाण्यातही फेस देते, म्हणून शाम्पूत रुळले.

सुरक्षिततेच्या वादाचे मूळ 1983 सालच्या एका निर्णयात आहे. थोडा वेळ लावून स्वच्छ धुऊन टाकायच्या उत्पादनांत हा घटक सुरक्षित आहे, परंतु त्वचेवर दीर्घकाळ राहणाऱ्या उत्पादनांत त्याचे प्रमाण 1 टक्क्यापेक्षा जास्त नसावे, असे अमेरिकेतील तज्ज्ञ समितीने तेव्हा ठरवले. जाहिरातींनी यातला 'सुरक्षित' हा शब्द उचलला, विरोधकांनी घटकालाच विष ठरवले आणि धुण्याची अट दोघांच्याही बोलण्यातून गळाली. वास्तविक हा घटक त्वचेचा दाह करतो याबद्दल संशोधकांत दुमत नव्हतेच. प्रयोगात मुद्दाम सौम्य दाह निर्माण करायचा असेल तर आजही तोच वापरतात.

1 टक्क्याची मर्यादाही सर्वांना पुरेशी नव्हती. ब्रिटनमध्ये इसबाच्या रुग्णांना वर्षानुवर्षे दिल्या गेलेल्या एका साध्या मलमात तो सुमारे 1 टक्काच असे, तरीही 2013 मध्ये तिथल्या औषध नियामकाला, विशेषतः इसब असलेल्या मुलांच्या त्वचेवर त्याने आग, खाज आणि लाली येऊ शकते, असा इशारा द्यावा लागला. निरोगी कातडीसाठी ठरवलेला आकडा आजारी कातडीला लावणे ही माझ्या मते मूळ चूक होती. त्यात आपल्याकडे 1 टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक वेष्टनावर कोणत्याही क्रमाने छापता येतात, त्यामुळे यादीच्या शेवटी हे नाव दिसले तरी ते 0.1 टक्का आहे की पूर्ण 1, हे पालकांना कळत नाही.

'लॉरिल' आणि 'लॉरेथ' (सोडियम लॉरेथ सल्फेट, शाम्पूतलेच दुसरे सर्फॅक्टंट) यांतला गोंधळ त्यानंतरचा. लॉरेथ त्वचेला सौम्य आहे, पण ते बनवताना 1,4-डायऑक्सेन या कर्करोगकारक असू शकणाऱ्या रसायनाचा अंश मागे राहू शकतो. लॉरिलच्या बाबतीत तो प्रश्न येत नाही. 'सल्फेट-फ्री' बाटल्यांत पुष्कळदा खोबरेल तेलापासून बनवलेले कोकामिडोप्रोपिल बीटेन हे सर्फॅक्टंट असते. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2004 साली ते 'वर्षातील ॲलर्जीकारक' ठरवले होते. त्याचा दोष मुख्यतः निर्मितीत उरणाऱ्या अशुद्धींकडे जातो, आणि त्या अशुद्धींचे प्रमाण बाटलीवर छापलेले नसते.