आशा स्वयंसेविका आणि इलेक्ट्रॉनिक आरोग्यनोंदी (खानदेश)

जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत आशा, आरोग्यसेविका व अंगणवाडी सेविका यांनी गरोदर माता, बालके, लसीकरण इत्यादींच्या नोंदी मोबाईल ॲपवर व पोर्टलवर ठेवण्याची पद्धत.

तिचा आरंभ दोन प्रकारे धरता येतो. एक म्हणजे २००९ च्या सुमारास केंद्र शासनाने आणलेली माता-बालकांच्या मागोव्याची प्रणाली, एमसीटीएस. पण तीत सेविका रजिस्टर भरी आणि ते संगणकावर चढवण्याचे काम बहुधा डेटा एंट्री ऑपरेटरकडे असे. उपकरण खुद्द सेविकेच्या हाती आले ते साधारणतः २०१६ नंतर, प्रथम आरोग्यसेविकांसाठीच्या ‘अनमोल’ ॲपमुळे व पुढे पोषण अभियानामुळे (२०१८). मोबाईल हाताळण्याच्या कौशल्याचा प्रश्न तेव्हाच उभा राहिला, म्हणून हा दुसरा टप्पा आरंभ मानणे अधिक सयुक्तिक होय.

लोक नवे तंत्रज्ञान कितपत स्वीकारतात याच्या अभ्यासात संशोधक फ्रेड डेव्हिस यांचे प्रतिमान (१९८९) प्रमाण मानतात : साधन उपयोगाचे वाटणे व वापरायला सोपे वाटणे, या दोहोंवर स्वीकार ठरतो. वेंकटेश व सहकाऱ्यांनी (२००३) त्यात सामाजिक प्रभाव, पूरक सोयी व वापरातील ऐच्छिकता यांचा विचार जोडला. खानदेशाच्या संदर्भात ऐच्छिकता हा मुद्दा कळीचा आहे. येथे नोंद करणे सक्तीचे असून आशांचा कामावर आधारित मोबदलाही नोंदींशी बांधलेला आहे. त्यामुळे किती नोंदी भरल्या गेल्या यावरून स्वीकार मोजणे योग्य नव्हे. रजिस्टर आणि ॲप दोन्ही भरावे लागत असेल, तर उत्तम मोबाईल हाताळणाऱ्या आशेलाही ॲप हे जादा कामच वाटणार. २०२१ मध्ये राज्यभरातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले निकृष्ट मोबाईल परत केले आणि पोषण ट्रॅकर हे अंगणवाडीच्या नोंदींचे ॲप मराठीत मागितले. त्याला तंत्रज्ञानाची भीती म्हणणे अन्यायाचे ठरेल.

सातपुड्यातील अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांत अडचण निराळी आहे. पाड्यावर रेंज नसेल तर गृहभेटीची माहिती आधी वहीत टिपायची आणि रेंज मिळेल तिथे येऊन ॲपवर चढवायची. दिवाळीनंतर कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. गरोदर बाईही सोबत जाते, तिची पुढची तपासणी मात्र पाड्याच्या यादीत थकीत दिसत राहते. आधारवरून आभा क्रमांक (व्यक्तीच्या आरोग्यनोंदी जोडणारा डिजिटल ओळखक्रमांक) काढताना येणारा ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाईलवर जातो. तो मोबाईल नवऱ्याजवळ, नवरा सुरतेला, अशा वेळी दारात उभ्या आशेचे कौशल्य काय कामाचे! देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे दिले गेले होते.

भिली व पावरी बोलणाऱ्या घरांत ॲपमधील प्रश्न आशेलाच बोलीतून विचारावा लागतो. ही कसबी भाषांतराची कामगिरी कोणत्याही रकान्यात नोंदली जात नाही.

तापीकाठच्या सपाटीवर रस्ते व नेटवर्क तुलनेने बरे आहेत. मात्र सपाटी असो वा डोंगर, १ जुलै २०२५ पासून अंगणवाडीतून घरी न्यावयाच्या आहारासाठी पोषण ट्रॅकरवर लाभार्थीची चेहरा-ओळख सक्तीची झाली आहे.